विंडोज, मॅक आणि लिनक्स, तिन्हीकडे उघडणारी डिस्क इमेज कशी बनवायची

डिस्क इमेज म्हणजे अख्खी डिस्क किंवा फोल्डर आत सामावलेली एकच फाइल. ती बनवायला काही लागत नाही, फोल्डर निवडला, बटण दाबलं, फाइल तयार. खरी अडचण येते ती समोरच्याच्या मशीनवर. मॅकवर बनवलेली डीएमजी विंडोजवाल्याला पाठवली की तो विचारतो हे उघडायचं कशात, लिनक्सवर घाईत बनवलेली आयएसओ विंडोजवर उघडली की फाइलची नावं सगळी कॅपिटलमध्ये आणि मधेच तुटलेली दिसतात, आणि मोठा व्हिडिओ इमेजमध्ये टाकायला गेलं तर तो बसतच नाही. हे सगळं टाळता येतं. फुकटच्या टूल्सनी, आणि बहुतेक वेळा मशीनमध्ये आधीच असलेल्या टूल्सनी. फक्त सुरुवातीला दोन-तीन गोष्टी नीट ठरवायला लागतात.

एक सूचना आधीच देतो, कमांड सांगताना मी त्या वाचून दाखवल्यासारख्या देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरांत करा. जिथे अक्षर कॅपिटल की स्मॉल यानं फरक पडतो तिथे तसं सांगितलंय.

एक्स्टेन्शनवर जाऊ नका, आत काय आहे ते बघा

डिस्क इमेजला दोन थर असतात. बाहेरचा थर म्हणजे फाइलचा प्रकार, आयएसओ, डीएमजी, व्हीएचडी, आयएमजी वगैरे. आतला थर म्हणजे फाइल सिस्टिम, म्हणजे फोल्डर कुठे, फाइल कुठे, नावं कशी साठवली याची सगळी मांडणी. समोरच्या मशीनला दोन्ही थर कळले पाहिजेत तरच इमेज उघडणार. म्हणून डीएमजीचं नाव बदलून आयएसओ केलं की काम झालं असं जे लोक सांगतात ते ऐकू नका, नाव बदलल्यानं आतलं काहीच बदलत नाही.

आता आतल्या थराचं कोणाला काय चालतं ते बघू. एपीएफएस फक्त मॅकचं, विंडोजला ते ओळखताही येत नाही. ईएक्सटी४ लिनक्सचं, बाकी दोघांना जास्तीचं सॉफ्टवेअर टाकल्याशिवाय वाचता येत नाही. एनटीएफएस मॅक वाचतो पण त्यावर लिहू देत नाही. फॅट३२ सगळ्यांना चालतं पण एक फाइल ४ जीबीच्या आतच पाहिजे. एक्सफॅट मायक्रोसॉफ्टनं २००६ मध्ये आणलं, मॅकमध्ये ते १०.६.५ पासून आहे, आणि लिनक्सचं बरीच वर्षं अडलं होतं ते २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनं स्पेसिफिकेशन खुलं केल्यावर सुटलं, कर्नल (लिनक्सचा गाभा) ५.४ मध्ये कच्चा ड्रायव्हर आला आणि ५.७ मध्ये चांगला. आणि मग आयएसओ ९६६० आणि यूडीएफ, ही मुळात सीडी-डीव्हीडीसाठी बनलेली, म्हणजे जन्मापासूनच कुठल्याही मशीनमध्ये चालावीत म्हणून केलेली.

यातून निवड सोपी होते. फक्त वाचायला द्यायचंय, म्हणजे फोटोंचा संग्रह, कोर्सचं साहित्य, सॉफ्टवेअर, जुनी कागदपत्रं, तर आयएसओ. समोरच्यानं त्यात भर घालायची, बदल करायचे असतील तर आत एक्सफॅट असलेली व्हीएचडी, म्हणजे विंडोजची व्हर्च्युअल डिस्क. आणि चार फाइल नुसत्या पाठवायच्या असतील तर इमेजच्या भानगडीत पडूच नका, झिप पुरते. इमेजचा फायदा तेव्हा, जेव्हा हजारो फाइल आहेत, एक्स्ट्रॅक्ट न करता थेट उघडून बघायच्यात, आणि कोणाच्या हातून चुकून काही बदलायला नको.

आयएसओच्या आत एकाहून जास्त याद्या असतात

हे समजलं की पुढचे सगळे ऑप्शन आपोआप कळतात म्हणून इथे जरा थांबू.

आयएसओ ९६६० हे १९८८ चं स्टँडर्ड. त्याच्या सगळ्यात कडक लेव्हलमध्ये नाव आठ अक्षरं, मग टिंब, मग तीन अक्षरं, तेही फक्त कॅपिटल, आकडे आणि अंडरस्कोअर. लेव्हल दोनला ३१ अक्षरं. फोल्डरात फोल्डर आठ पातळ्यांपर्यंतच. आजच्या फाइलनावांना हे कसं पुरणार, म्हणून वर एक्स्टेन्शन्स आली. जोलिएट हे मायक्रोसॉफ्टचं, युनिकोडमध्ये ६४ अक्षरांपर्यंत नाव देतं, म्हणजे मराठी नावंही चालतात. रॉक रिज हे युनिक्स जगातलं, २५५ बाइटपर्यंत नाव, शिवाय परमिशन आणि सिम्बॉलिक लिंकसुद्धा सांभाळतं, पण विंडोज त्याच्याकडे बघतही नाही. आणि यूडीएफ ही वेगळी, नवी फाइल सिस्टिम, डीव्हीडीवर हीच असते, लांब नावं आणि मोठ्या फाइल दोन्ही चालतात.

मजा अशी की हे चारही एकाच इमेजमध्ये सुखानं राहतात. एकाच सामानाच्या वेगवेगळ्या याद्या कराव्यात तसं (रॉक रिजची माहिती मूळ आयएसओ ९६६० च्या यादीतच जोडलेली असते), फाइलमधला मूळ डेटा एकदाच लिहिलेला असतो आणि प्रत्येक यादी त्याच जागेकडे बोट दाखवते, त्यामुळे सगळं चालू केलं तरी इमेजची साइज दुप्पट होत नाही, अगदी थोडी वाढते. प्रत्येक सिस्टिम आपल्याला कळणारी यादी उचलते. याचं एक छान उदाहरण विंडोजच्या इन्स्टॉलेशन आयएसओतच आहे, ती नुसत्या आयएसओ ९६६० च्या नजरेनं उघडली तर आत फक्त एक रीडमी दिसते, तिच्यात लिहिलेलं असतं की या डिस्कला यूडीएफ समजणारी सिस्टिम लागते. बाकी सगळा माल यूडीएफच्या यादीत. त्यामुळे एखादी आयएसओ जुन्या टूलमध्ये रिकामी दिसली तर ती करप्ट आहे असं लगेच ठरवू नका.

तर नियम हा, की कुठलंही टूल असो, जोलिएट आणि रॉक रिज दोन्ही चालू ठेवायचे आणि जमत असेल तर यूडीएफ पण.

इमेज बनवायच्या आधी फोल्डर साफ करा

लोक ही पायरी गाळतात आणि नंतर नव्वद टक्के तक्रारी इथल्याच निघतात असं माझं मत आहे. आयएसओ एकदा बनली की आत दुरुस्ती नाही, पुन्हा पहिल्यापासून बनवायची, म्हणून आधीच वेळ घालवा.

सगळं सामान एका नव्या फोल्डरमध्ये कॉपी करा, मूळ फोल्डरवर काम करू नका. मग नावं बघा. विंडोजला नावात कोलन, प्रश्नचिन्ह, स्टार, डबल कोट, उभी रेघ, दोन्ही प्रकारचे स्लॅश आणि लहान-मोठेची चिन्हं चालत नाहीत. मॅक आणि लिनक्सवर मात्र कोणीतरी बिनधास्त "नोट्स: भाग २?" असं नाव देऊन ठेवलेलं असतं. शेवटी टिंब किंवा स्पेस असलेलं नावही विंडोजवर त्रास देतं. सीओएन, पीआरएन, एयूएक्स, एनयूएल आणि सीओएम१, एलपीटी१ सारखी नावं तर विंडोजनं स्वतःसाठी राखून ठेवलीत, एक्स्टेन्शन लावलं तरी त्या नावाची फाइल तिथे गोंधळ घालते. लिनक्सवर एकाच फोल्डरात एकच नाव एकदा कॅपिटलनं आणि एकदा स्मॉलनं अशा दोन फाइल असू शकतात, बाकीकडे त्यातली एकच दिसेल किंवा एकीवर दुसरी बसेल.

आता मराठी नावांचं. हे इंग्रजी गाईडमध्ये कोणी सांगत नाही आणि आपल्याला तर रोजच लागतं, म्हणून जरा खोलात जातो. "दुसऱ्या" हा शब्द घ्या. बघायला तीन अक्षरं. पण कॉम्प्युटरच्या हिशोबात द, उकार, स, ऱ, हलन्त, य आणि काना अशी ती सात होतात. जोलिएटची ६४ ची मर्यादा या हिशोबानं मोजली जाते, एक्स्टेन्शन धरून, म्हणजे नाव डोळ्याला तिशीच्या आसपास गेलं की मर्यादा जवळ आलीच समजा. रॉक रिजमध्ये मोजमाप बाइटमध्ये आहे आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणजे "दुसऱ्या" एकटाच २१ बाइट खातो आणि २५५ बाइटमध्ये जेमतेम ८५ चिन्हं बसतात. "दुसऱ्या सत्राच्या सगळ्या विषयांच्या नोट्स अंतिम सुधारित प्रत" यासारखी आणि याहून लांब नावं मग कापली जाऊ शकतात, आणि कापताना एक्स्टेन्शनच्या आधीचा भाग जातो म्हणून दोन वेगळ्या फाइल सारख्याच दिसायला लागतात.

त्यातच त्या ऱ ची अजून एक गंमत आहे. हे अक्षर युनिकोडमध्ये एका चिन्हानंही लिहिता येतं, र आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनीही, आणि काही कीबोर्ड तर र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह असं टाकतात. स्क्रीनवर तिन्ही सारखेच. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल सिस्टिम नाव सेव्ह करताना पहिल्या प्रकाराचा दुसरा करून टाकते. मग त्या ड्राइव्हवरून बनवलेली इमेज लिनक्सवर उघडली आणि "दुसऱ्या" टाइप करून शोधलं की फाइल डोळ्यासमोर असून सापडत नाही, स्क्रिप्टमध्ये नाव लिहिलं असेल तर स्क्रिप्ट अडते. उपाय साधा आहे, फोल्डर आणि फाइलची नावं छोटी ठेवा, मराठी खुशाल ठेवा पण लांबलचक नको, आणि ज्या फाइलला दुसरा प्रोग्राम नावानं हाक मारणार आहे तिचं नाव साध्या इंग्रजी स्मॉल अक्षरांत, आकड्यांत आणि डॅशमध्ये द्या. सविस्तर मराठी नावांची यादी आत एका टेक्स्ट फाइलमध्ये ठेवता येते.

नावं झाली की खोली बघा. सात पातळ्यांपेक्षा खोल फोल्डर असतील तर वर आणा. लिनक्सची टूल्स जास्त खोल फोल्डर उचलून आरआर-मूव्हड नावाच्या एका वेगळ्या फोल्डरमध्ये हलवतात आणि बघणाऱ्याला कळतच नाही हे कुठून आलं. शिवाय विंडोजवर अख्खा पाथ २६० अक्षरांच्या पुढे गेला की बरेच प्रोग्राम फाइल उघडत नाहीत.

शेवटी कचरा काढा, मॅकच्या डीएस-स्टोअर फाइल, टिंब-अंडरस्कोअरनं सुरू होणाऱ्या जोडफाइल, विंडोजच्या थंब्स डॉट डीबी आणि डेस्कटॉप डॉट आयएनआय. आणि मॅकचं ॲप द्यायचं असेल तर ते तसंच फोल्डरात टाकू नका, त्याच्या आत परमिशन आणि लिंक असतात त्या मधल्या प्रवासात तुटतात. मॅकवर ते ॲप डीएमजीमध्ये बांधा आणि ती डीएमजी आयएसओच्या आत ठेवा. विंडोजवाल्याला ती नुसती एक फाइल दिसेल, मॅकवाला डबल क्लिक करेल.

लिनक्सवर आयएसओ बनवणं

माझ्या मते सगळ्यात जास्त ताबा इथेच मिळतो. जेन-आयएसओ-इमेज हे टूल, तिन्ही शब्द जोडून, बऱ्याच डिस्ट्रोच्या (लिनक्सच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांच्या) पॅकेज मॅनेजरमध्ये असतं. कमांडचा क्रम असा: टूलचं नाव, मग डॅश आणि कॅपिटल जे म्हणजे जोलिएट, डॅश आणि स्मॉल आर म्हणजे रॉक रिज, डॅश यूडीएफ, डॅश इनपुट डॅश कॅरसेट आणि त्यापुढे यूटीएफ-८, मग डॅश कॅपिटल व्ही आणि इमेजचं लेबल, डॅश स्मॉल ओ आणि बनणाऱ्या फाइलचं नाव, आणि शेवटी फोल्डरचं नाव.

यात आर स्मॉलच पाहिजे. कॅपिटल आर दिलं तर तुमच्या मशीनवरचे ओनर आणि परमिशन जसेच्या तसे इमेजमध्ये जातात आणि समोरच्या लिनक्सवर परमिशन डिनाइड येऊ शकतं, स्मॉल आर सगळ्या फाइल सगळ्यांना वाचता येतील अशा करतं. कॅरसेट, म्हणजे नावांची अक्षरं कुठल्या पद्धतीनं साठवलीत ते, दिलं नाही तर ते टर्मिनलच्या सेटिंगवरून घेतलं जातं, ते बरोबर असेल तर ठीक, नसेल तर मराठी नावांच्या जागी कचरा. लेबल जोलिएटमध्ये १६ अक्षरांपर्यंतच बसतं, ते इंग्रजीत आणि स्पेसशिवाय ठेवलेलं बरं. नावं ६४ च्या पुढे जाणारच असतील तर डॅश जोलिएट डॅश लाँग असा ऑप्शन आहे, तो १०३ पर्यंत जाऊ देतो, पण तो मूळ स्टँडर्डच्या बाहेरचा आहे, शक्यतो नाव छोटं करा.

नव्या डिस्ट्रोंवर एक्स-ओ-आर-आर-आय-एस-ओ नावाचं टूल पण असतं, ते चांगलं सांभाळलेलं आहे, डॅश एएस आणि एमके-आयएसओ-एफएस लिहून पुढे बरेचसे हेच ऑप्शन चालतात, फक्त ते यूडीएफ बनवत नाही. लहान फाइल असतील तर त्यानं काही बिघडत नाही. माऊसनं करायचं असेल तर के३बी मध्ये डेटा प्रोजेक्ट घ्या, फाइल सिस्टिमच्या टॅबमध्ये लिनक्स आणि विंडोज दोन्ही एक्स्टेन्शन चालू असल्याची खात्री करा आणि फक्त इमेज बनवायचा ऑप्शन टिक करा.

मॅकवर

डिस्क युटिलिटी उघडा, फाइल मेन्यूतून न्यू इमेज, मग इमेज फ्रॉम फोल्डर, फोल्डर निवडा, आणि खाली इमेज फॉरमॅटमध्ये हायब्रिड इमेज निवडा. नुसतं सेव्ह दाबलं तर नेहमीची डीएमजी बनते आणि ती विंडोजवर डबल क्लिकनं उघडत नाही, फार तर सेव्हन-झिपनं आतल्या फाइल काढता येतात. हायब्रिडच्या आत एचएफएस, आयएसओ आणि यूडीएफ तिन्ही असतात. बनलेल्या फाइलचं एक्स्टेन्शन आयएसओ नसेल तर रिनेम करून द्या. वर मी नाव बदलून काही होत नाही म्हटलं ते खरंच आहे, इथे आत खरोखर आयएसओ आहे म्हणून हे चालतं.

टर्मिनलवर जास्त नेमकं होतं. एचडीआययुटिल, मग मेकहायब्रिड, मग डॅश आयएसओ, डॅश जोलिएट, डॅश यूडीएफ, डॅश ओ आणि आउटपुटचं नाव, शेवटी फोल्डर. इथे डॅश आयएसओ दिलं की रॉक रिज आपोआप येतं, वेगळं सांगायला नको. एचएफएस मुद्दाम दिलेलं नाही, मॅकला आयएसओ आणि यूडीएफ आरामात वाचता येतं आणि एक यादी कमी म्हणजे गोंधळ कमी.

विंडोजवर

विंडोज ८ पासून आयएसओ डबल क्लिक केली की नव्या ड्राइव्हसारखी उघडते, पण फोल्डरपासून आयएसओ बनवायचं बटण एक्सप्लोररमध्ये नाही. फुकट मिळणाऱ्यांत इमजबर्न आणि एनीबर्न दोन्ही चांगली आहेत. इमजबर्नमध्ये फाइल-फोल्डरपासून इमेज बनवायचा मोड घ्या, उजवीकडे ऑप्शन्सच्या टॅबमध्ये फाइल सिस्टिमच्या यादीतून आयएसओ ९६६०, जोलिएट आणि यूडीएफ अशी तिन्हींची जोडी निवडा, यूडीएफची आवृत्ती १.०२ राहू द्या कारण ती अगदी जुन्या मशीनलाही कळते. सॉफ्टवेअर मूळ साइटवरूनच घ्या आणि इन्स्टॉल करताना प्रत्येक स्क्रीन वाचून पुढे जा.

विंडोजची टूल्स रॉक रिज सहसा लिहीत नाहीत. फोटो, पीडीएफ, व्हिडिओ असतील तर फरक पडत नाही, पण लिनक्ससाठी चालवायच्या स्क्रिप्ट असतील तर त्यांची एक्झिक्युट परमिशन जाते. अशा वेळी विंडोजमध्येच डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) चालू करून त्यात वर सांगितलेलं जेन-आयएसओ-इमेज टाका, सी ड्राइव्ह तिथे एमएनटीच्या आत सी या नावानं दिसतो. मी स्वतः विंडोजवर असताना हेच करतो, एकच कमांड सगळीकडे लक्षात राहते.

४ जीबीपेक्षा मोठी एकच फाइल

इमेज कितीही मोठी असू दे, प्रश्न एका फाइलच्या साइजचा आहे. साध्या आयएसओ ९६६० मध्ये एका फाइलची लांबी ३२ बिटच्या आकड्यात लिहिलेली असते म्हणून ४ जीबीच्या पुढे ती मावत नाही. लेव्हल ३ मध्ये एकच फाइल तुकड्यांत लिहायची सोय आहे पण सगळीकडे ती सारखी वाचली जाईल याच्यावर मी विसंबणार नाही. मॅकवर मेकहायब्रिडला फक्त डॅश यूडीएफ द्या, विंडोजवरच्या टूलमध्ये फक्त यूडीएफ निवडा. जेन-आयएसओ-इमेजमध्ये त्यासाठी अलाऊ लिमिटेड साइज नावाचा ऑप्शन आहे पण तो जपून, कारण त्यानं आयएसओच्या यादीत त्या फाइलची साइज कमी दिसते आणि यूडीएफच्या यादीत बरोबर, म्हणजे समोरच्यानं चुकीची यादी उघडली तर फाइल अर्धवट कॉपी होईल आणि कुठलाही एरर येणार नाही. अशी इमेज लिनक्सवर माउंट करताना, म्हणजे ड्राइव्हसारखी जोडताना, टाइप यूडीएफ आहे असं कमांडमध्ये स्पष्ट सांगावं लागतं. इतकी सूचना प्रत्येकाला देत बसण्यापेक्षा सेव्हन-झिपनं ती फाइल दोन-दोन जीबीच्या तुकड्यांत करून आत ठेवणं मला जास्त बरं वाटतं.

लिहिता येणारी इमेज

इथे फिक्स्ड साइजची व्हीएचडी कामाला येते आणि त्याचं कारण तिच्या बांधणीत आहे. फिक्स्ड व्हीएचडी म्हणजे डिस्कचा कच्चा डेटा जसाच्या तसा आणि शेवटी ५१२ बाइटची एक तळटीप, बस. विंडोज ती तळटीप वाचून तिला व्हर्च्युअल डिस्क म्हणून जोडतो, आणि लिनक्स किंवा मॅक तळटिपेकडे दुर्लक्ष करून तिला कच्ची इमेज म्हणून वाचतात. आपोआप वाढणारी व्हीएचडी किंवा व्हीएचडीएक्स घेतली तर ही सोय गेली, कारण त्यांच्या आत डेटा तुकड्या-तुकड्यांत पसरलेला असतो.

विंडोजवर डिस्क मॅनेजमेंट उघडा, ॲक्शन मेन्यूत क्रिएट व्हीएचडी, प्रकार व्हीएचडी, साइज फिक्स्ड. डिस्क जोडली गेली की इनिशियलाइझ विचारेल तेव्हा पार्टिशनची नोंद ठेवायच्या दोन प्रकारांतला जीपीटी न घेता एमबीआर घ्या. जीपीटी आपल्या टेबलाची एक नक्कल डिस्कच्या अगदी शेवटी ठेवतं आणि तळटिपेमुळे लिनक्सला तो शेवट पुढे सरकलेला दिसतो, मग इशारे यायला लागतात. त्यानंतर न्यू सिम्पल व्हॉल्यूम करून एक्सफॅट फॉरमॅट करा, लेबल ११ अक्षरांच्या आत. ही फाइल कॉम्प्रेस केलेल्या फोल्डरात ठेवू नका, तिथून विंडोज ती जोडत नाही.

लिनक्सवर लॉसेटअपला डॅश एफ, डॅश कॅपिटल पी आणि डॅश डॅश शो देऊन फाइल जोडा, तो लूप डिव्हाइसचं नाव सांगेल, त्याच्या पुढे पी१ लावलं की पहिलं पार्टिशन, ते माउंट करा. मॅकवर एचडीआययुटिल अटॅच, त्यात डॅश इमेजकी देऊन डिस्कइमेज डॅश क्लास बरोबर सी-रॉ-डिस्क-इमेज असं जोडून लिहायचं, म्हणजे मॅक तिला कच्ची इमेज धरून उघडतो. तळटीप मात्र कुठल्याही टूलनं काढू किंवा इमेज मोठी करू देऊ नका, नाहीतर विंडोज तिला ओळखणार नाही. तुमच्याकडे विंडोजच नसेल तर कच्ची इमेज बनवून क्यूईएमयू-आयएमजीच्या कन्व्हर्टनं फॉरमॅट व्हीपीसी, सबफॉरमॅट फिक्स्ड आणि फोर्स-साइज देऊन हीच फाइल मिळते.

एक्सफॅटला जर्नल, म्हणजे बदलांची आधीच करून ठेवलेली नोंद, नाही. मधेच लाइट गेली किंवा इजेक्ट न करता फाइल कॉपी केली तर आतलं बिघडू शकतं. आणि शेअर केलेल्या ड्राइव्हवर ठेवून एकाच वेळी दोन मशीनवरून ती कधीही जोडू नका, दोघंही आपलीच यादी खरी समजून लिहितात आणि डेटा जातो, परत येत नाही.

पासवर्ड लावायचा असेल तर व्हेराक्रिप्टचा कंटेनर घ्या आणि आत एक्सफॅट. तिन्हीकडे चालतं, पण समोरच्याकडे व्हेराक्रिप्ट असावं लागतं आणि मॅकवर त्याच्यासोबत फ्यूजचं सॉफ्टवेअरही, ते आधीच सांगून ठेवा.

जुन्या सीडी-डीव्हीडीची इमेज

डेटा डिस्क असेल तर तिचे २०४८ बाइटचे सेक्टर जसेच्या तसे उचलले की आयएसओ झाली. मॅकवर डिस्क युटिलिटीत डिस्क निवडून डीव्हीडी/सीडी मास्टर प्रकारात इमेज करा, सीडीआर एक्स्टेन्शनची फाइल येते, ती आयएसओ म्हणून रिनेम केली की बाकीकडे चालते. लिनक्सवर डीडी नावाची कमांड चालते पण डिस्कवर ओरखडे असतील तर डीडी-रेस्क्यू घ्या, ते वाचता येणारा भाग आधी घेतं आणि अडलेल्या जागी नंतर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं. गाण्यांची ऑडिओ सीडी मात्र आयएसओ होत नाही, तिच्यात फाइल सिस्टिमच नसते आणि सेक्टर २३५२ बाइटचे, तिला बिन आणि क्यू अशी जोडी लागते.

बूट होणाऱ्या इमेजचं प्रकरण वेगळं आहे, तिथे बूट लोडरही लागतो, वरच्या पद्धतीनं बनवलेल्या इमेजवरून मशीन सुरू होणार नाही.

पाठवायच्या आधी तपासा

स्वतःच्या मशीनवर उघडली म्हणजे झालं असं धरू नका. लिनक्सवर आयएसओ-इन्फो टूलला डॅश डी, डॅश आय आणि फाइलचं नाव दिलं की लेबल, साइज आणि खाली जोलिएट सापडलं, रॉक रिज सापडलं अशा ओळी येतात. त्या नसतील तर इमेज परत बनवा. मग शक्य असेल तर तिन्ही सिस्टिमवर, नाहीतर निदान आपली सोडून दुसऱ्या एकीवर, व्हर्च्युअल मशीन चालेल, माउंट करून तीन गोष्टी बघा: सगळ्यात लांब नावाची फाइल, सगळ्यात खोल फोल्डरातली फाइल आणि सगळ्यात मोठी फाइल. पहिल्या दोन उघडून बघायच्या, तिसरी इमेजमधून बाहेर कॉपी करून तिची साइज मूळ फाइलशी ताडायची. फाइलची एकूण संख्याही मूळ फोल्डरशी जुळते का बघा.

त्यानंतर हॅश काढा, म्हणजे फाइलच्या डेटावरून निघणारा तिचा ओळख-आकडा. लिनक्सवर एसएचए२५६सम, मॅकवर शासम डॅश ए २५६, विंडोजवर सर्टयुटिल डॅश हॅशफाइल, फाइलचं नाव आणि शेवटी एसएचए२५६. तिन्हींचा आकडा अक्षर न अक्षर सारखा आला पाहिजे. समोरच्याला फाइल मिळाली की त्यानं आधी हॅश जुळवायचा, मगच उघडायची, कारण मोठं डाउनलोड शेवटच्या टप्प्यात तुटलं तर इमेज माउंट होते, यादी पूर्ण दिसते, आणि शेवटच्या काही फाइल तेवढ्या उघडत नाहीत.

ईमेलनं आयएसओ पाठवू नका, व्हायरसवाले हा प्रकार वापरतात म्हणून बरेच मेल सर्व्हर ती अडवतात, लिंक द्या. आणि लिंकसोबत चार ओळी लिहा, इमेज कुठल्या प्रकारची, आत यूडीएफ आहे की नाही, हॅश किती, विंडोज ७ असेल तर सेव्हन-झिपनं उघडायची, लिनक्सवर माउंटला डॅश ओ लूप द्यायचं. याच चार ओळी रीडमी म्हणून इमेजच्या आतही टाका, फक्त हॅश त्यात लिहिता येणार नाही, तो इमेज बनल्यावरच निघतो, म्हणून तो शेजारी वेगळ्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवा.